भेटीचा शुक्रवार

शारजातल्या या घराला पाटी नाही.
मार्चपासून कडीही आतून.
आम्ही तिघी बायका आतच मुक्कामाला;
अजानसुद्धा सांगते, नमाज घरीच पढा.

पहिल्या सकाळी तापाची बंदूक
हुमैदच्या कपाळासमोर धरली,
तर त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले.
मग आधी माझं कपाळ,
मग त्याच्या कापडी उंटाचं,
मग भिंतीचं. भिंत गार निघाली.
मग त्याचं.

निलूषाला मास्क नको असतो.
तिचा नव्हे, माझा.
माणूस चिडणार हे तिला ओठांवरून कळतं,
तेवढं शिकूनच ती इथे आली.
काचेपलीकडे जाऊन मी मास्क उतरवते:
बघ, तोंड आहे तिथंच आहे.

शाळा टॅबमध्ये.
बाई म्हणतात, कॅमेरा लावा.
रुमैसा त्यावर चिकटपट्टी लावते.
मी बाईंना कळवते, नेट नाही.

बाकीची पोरं रोज विचारतात
कोरोना कधी जाणार,
ममझरच्या पाण्यात कधी जायचं.
हुमैद विचारत नाही.
शुक्रवारी दुपारी भेटीच्या खोलीचं
कुलूप ओढून बघतो
आणि येऊन दोनदा भात घेतो.

जूनमध्ये पत्र आलं:
भेटी सुरू, मध्ये काच ठेवून.
मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं,
दाखवायला नको होतं.

रात्री तो पलंगावर बसलेला,
कपाळ पुढे करून.
"खाला, ताप आहे ना मला?"

नव्हता.
बंदूक मी बराच वेळ धरून राहिले.
वहीत त्याच्या नावापुढची जागा
अजून कोरी आहे.