रकाना रिकामा ठेवता येत नाही

एकोणीस दिवस उरले होते.
मी मोजत नव्हतो. आर्डिथ मोजत होती,
धान्य सोसायटीच्या फुकट कॅलेंडरवर,
मक्याचा भाव टिपायच्या पेन्सिलीनं.
मी फक्त दाढी वाढवायची ठरवली होती,
विसाव्या दिवसापासून. एवढंच.
आठ वर्षं महिन्यातला एक शनिवार-रविवार
गुळगुळीत गाल घेऊन ओमाहाला जायचो,
ट्रक मोजायचो, ट्रक धुवायचो, परत यायचो,
आणि सोमवारी शाळेच्या पिवळ्या बसखाली
पाठीवर पडून असायचो.

पत्र घेऊन पोस्टातली ट्वायला आली.
सही करण्याआधी हाताचं ग्रीस पुसायला
तिनं स्वतःचा हातमोजा काढून दिला.
बाहेर उणे अठरा.
आत एकच पान: सेवेला मुदतवाढ,
पुढील आदेश होईपर्यंत.
संमतीची आवश्यकता नाही.

मुदतवाढ.
हा शब्द मी जन्मभर मागत आलो.
बँकेकडे मागितला, विजेच्या बिलाला मागितला,
छपरावर पत्रे घातले तेव्हा पत्रेवाल्याकडे,
दर वेळी टोपी हातात घेऊन.
न मागता मिळालेली ही पहिलीच.

वडील म्हणाले, सही तुझीच ना?
माझीच.
एकविसावं वर्ष होतं, डिझेल इंजिनच्या कोर्सची फी हवी होती,
आणि भरतीवाल्याच्या टेबलावर गरम डोनट होते.
कलम नऊ, पोटकलम क,
मुंगीच्या पायांएवढी अक्षरं.
वडिलांनी ते खिडकीपाशी नेऊन वाचलं,
बराच वेळ चष्मा पुसत बसले.
जुना ट्रॅक्टर घेतानासुद्धा, म्हणाले,
मी याहून जास्त वाचतो.

ओमाहाला फोन लावला.
सार्जंट प्रुइट, मऊ आवाजाची बाई.
कधीपर्यंत, विचारलं.
कळा दाबल्याचं ऐकू आलं.
एकतीस डिसेंबर, दोन हजार एकतीस.

मी गप्प.
तीही गप्प.
मग घाईघाईनं म्हणाली, अहो, ती खरी तारीख नाही,
संगणकाला तो रकाना रिकामा चालत नाही,
काहीतरी घालावं लागतं.

काहीतरी.
तेव्हा मी छपन्नचा असेन. जूनी एकतीसची.
आत्ता ती चार वर्षांची आहे,
बूट अजून उलटसुलट घालते
आणि तसेच बरोबर आहेत म्हणून भांडते.

त्या आठवड्यात शेजारणी आल्या
झाकलेली भांडी घेऊन. बटाटे, चीज, नूडल्स,
घरातलं कुणी गेल्यावर आणतात तसं.
बुडाला चिकटपट्टीवर नावं: मिसेस कुचेरा, मिसेस होल्म.
म्हणजे भांडी परत करायची होती.
निघायच्या आदल्या रात्री सगळी घासून
ज्याची त्याला पोचवून आलो.
कुणाचं काही ठेवून घेतलं नाही.

सात नंबरच्या बसचा गिअरबॉक्स अर्धा उघडा राहिला.
फळीवर खडूनं लिहून ठेवलं, स्क्रू याच क्रमानं लावा.
एवढ्यात बहुधा कुणीतरी पुसलं असेल.

आर्डिथ भांडली नाही.
पेन्सिल उलटी धरून
कॅलेंडरवरचा तो गोल खोडत राहिली,
खोडत राहिली, कागद फाटेपर्यंत.
मग भोकातून बघत म्हणाली,
मागं एप्रिल आहे.

विसावा दिवस टेक्सासात उजाडला.
पहाटेचे चार. पत्र्याखाली बेसिनांची लांबच लांब रांग,
आणि साठ माणसं न बोलता हनुवटी वर करून उभी.
शेजारी टॅलमन होता,
त्याची मुदत संपून एकसष्ट दिवस झालेले.
त्यानं फेसाचा डबा माझ्याकडे सरकवला,
बघितलं नाही.
मीही कुणाला सांगितलं नाही
की आज कोणती तारीख आहे.
पाणी गार होतं.
जबड्याच्या कोपऱ्यात थोडं कापलं.
बाहेर अंधारात ट्रक उभे होते. चौदा.
मोजून घेतले.