सात चाळीस, सात बावन्न

पुन्हा.
बाण यीस्टच्या आकड्यावर उभा, मख्ख.
कोपऱ्यातल्या घड्याळाचं मिनिटसुद्धा हलत नाही.
मी कळ दाबते, दाबून धरते.
खोक्यातला पंखा तेवढा चालूच,
सभेत झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा.

येर्को फोनवर, उत्तरेकडच्या खाणीतून:
बंद करून चालू कर, आई.
केलं.
नको ते प्रोग्राम काढून टाक.
टाकले. नको ते म्हणजे कोणते, हे विचारायचं राहिलं,
पत्त्यांचा खेळ गेला त्यात.
व्हायरस असेल.
रात्रभर शोधला. नव्हता.
मग नवीनच घे ना, म्हणाला,
आणि मग तिकडच्या थंडीबद्दल बोलत राहिला.

शनिवारी मी खोकं उघडलं,
मासे साफ करायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून.
आत चुलीची काजळी, मांजराचे केस,
आणि एक सुकलेला वाटाणा. तो कसा गेला, देव जाणे.
मेमरीची पट्टी उपसली,
तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले,
परत दाबली तेव्हा टक् असा आवाज झाला,
निखळलेलं हाड बसावं तसा.
रविवारभर मशीन शहाण्यासारखं वागलं.
बेकरीचा अख्खा महिना भरून झाला.
मी स्वतःलाच एक ग्लास सफरचंदाची दारू दिली.

सोमवारी, सात चाळीस.

मग वही केली.
चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे हिशेब लिहिलेत,
चुकलेला आकडा कुठे दडतो मला ठाऊक आहे:
ज्या रकान्याकडे बघायचा कंटाळा येतो, तिथे.
सोमवार ७:४०, ७:५२, ९:१०.
मंगळवार ७:४०, आणि मग दुपारी सलग चारदा.
बुधवार काही नाही. बुधवारी बाजाराची फेरीबोट.
गुरुवार ७:४१.
रविवार कोरा. मागचाही कोरा.
कोणतं मशीन रविवार पाळतं?

शुक्रवारी पडद्याकडे पाहिलंच नाही.
खुर्ची वळवून बल्बकडे बघत बसले.
सात चाळीसला तो पिवळा पडला, लाजल्यासारखा,
आणि कुंपणापलीकडे बाल्दोविनो नाहुएलकीनचा
विजेचा रंधा ओरडू लागला.

आमच्या खांबावरून त्याच्या शेडपर्यंत एक काळी वायर जाते.
माझ्या नवऱ्यानं टाकली होती, महिनाभरापुरती,
अकरा वर्षांपूर्वी.
नवरा गेला पुंता अरेनासला, दुसऱ्या एका घरी.
वायर राहिली.

मी बिल करून नेलं. अकरा वर्षांचं, व्याज न धरता.
शेडमध्ये होडीच्या फासळ्या उभ्या होत्या,
भुसा घोट्यापर्यंत.
त्यानं चष्मा शोधला, बिल दोनदा वाचलं,
बेरीज बोटानं तपासली. बरोबर होती.
होडी विकली की देतो, म्हणाला.
मग बराच वेळानं:
म्हणजे मी रंधा लावला की तू थांबतेस?
मी नाही, मशीन.
तेच ते, म्हणाला.

आता तो आधी पत्र्यावर ठोकतो, दोनदा.
मी जे आहे ते सेव्ह करते,
मशीन बंद करते, हात मांडीवर ठेवते.
बल्ब पिवळा होतो. पलीकडे एक फळी गुळगुळीत होते.
कधी दहा मिनिटं, कधी चाळीस.
येर्कोला सांगितलं, सापडलं एकदाचं.
काय होतं? त्यानं विचारलं.
शेजारी, म्हटलं. तो हसला, त्याला तो विनोद वाटला.

काल ठोकणं ऐकूच आलं नाही.
सात चाळीस गेले, सात बावन्न गेले.
बाण कसा नाचत होता.
मैदा, चरबी, लाकडाची गाडी, सगळं चढवून झालं,
पुढच्या दुकानाचंही अर्धं.
नऊ दहाला मी उठले,
शाल घेतली, कुंपणाशी जाऊन हाक मारली.

पातं तुटलंय, आतून आवाज आला,
तू तुझं काम उरकून घे.