कच्ची

निपाणीहून सकाळची सातची लाल बस.
आधार कार्ड दाखवलं की बाईमाणसाला शून्याचं तिकीट.
कंडक्टर न बघताच हातात देतो,
मी पर्समध्ये जपून ठेवते.
आजवर सतरा शून्यं साठली.

जाणं-येणं फुकट.
तोंडात जे बसवायचं त्याला मात्र पाटल्या गेल्या,
वर दोन भिशा.
शेजारची पुतळाक्का म्हणाली,
एवढ्यात अर्धा गुंठा आला असता की गं.
म्हटलं, गुंठा चावता येतंय व्हय?

माझे दात मीच खाल्ले.
चौदाव्या वर्षी वखारीत तंबाखू निवडताना
पलीकडच्या बाईनं मिसरीची चिमूट दिली,
तव्यावर जाळलेली, काळी, अजून ऊन.
भूक मरायची तिनं. दुपार सरायची.
पुढं मशीन घेतलं, ब्लाऊज शिवू लागले,
आणि कात्री शोधायचा कंटाळा म्हणून
चाळीस वर्षं दोरा दातानं तोडला.
पुढच्या दाताला बारीक खाच पडलेली,
दोरा तिथं आपला आपण जाऊन बसायचा.
तो उपटला तेव्हा डॉक्टर हुक्केरीमठांनी
दिव्याखाली धरून बघितला.
हा धंद्याचा दात, म्हणाले.
मी मागून घेतला. बटणांच्या डब्यात आहे.

वर सहा, खाली सहा.
ते स्क्रू म्हणतात, मी घरात खुंट्या म्हणते.
हाड धरतंय का नाही ते चार महिन्यांनी कळणार,
तोवर गुरगुट्या भात, ज्वारीची आंबील,
आणि हसताना पदर.
टायटॅनियम म्हणजे काय, विचारलं.
डॉक्टरांनी कन्नडात सांगितलं,
मी मराठीत समजून घेतलं,
हाडानं दोघांनाही विचारलं नाही.

आज शेवटची खेप.
बैलहोंगलची नीलम्मा, कामावर नवी,
दातांत निळा कागद सरकवते आणि म्हणते, कच्ची.
थांबून परत म्हणते, अक्का, कच्ची.
तिच्याकडं कच्ची म्हणजे चावा.
मला दोन्ही येतात, लहानपणापासनं,
तरी तोंड उघडं असलं की आधी मराठीच ऐकू येतं:
कैरी. वीट.
उसवायच्या बोलीवर घातलेली शिलाई.
त्रेसष्टाव्या वर्षी मी कच्ची.
चावते.
निळे ठिपके जिथं जास्त, तिथं डॉक्टर घासतात,
बगलेत रुतणारी शिवण मी सैल करते तसं.
मग आरसा.
रंग मीच निवडलेला, पांढऱ्यात थोडा पिवळा,
कापडाचे नमुने बघावेत तशी पट्टी बघून.
तरी कुणा दुसरीचं तोंड घालून आल्यागत वाटलं.

मऊ खा म्हणाले होते.
स्टँडसमोर भाजलेलं कणीस घेतलं.
ऊन आहे हे ओठांना कळलं, जिभेला कळलं,
दातांना काही नाही.
दाणा फुटल्याचा आवाज आला
तोही भिंतीपलीकडनं कुणी कांडत असावं तसा.
म्हणजे ठणकणार नाहीत आता, कधीच.
अख्खं कणीस खाल्लं.
डोळ्यांत पाणी आलं, ते चटणीचं असणार.

परतीला संकेश्वरपर्यंत उभीच.
मुलाला फोनवर सांगून टाकलं,
राख सावडताना बारा खुंट्या मिळतील,
मोजून घे, पाटल्यांच्या आहेत.
आई, गाडी चालवूलालोय, म्हणाला.

रात्री एक हूक लावायचा राहिला होता.
टाका मारला, गाठ दिली,
दोरा सवयीनं तोंडाशी गेला,
डावीकडं सरकला, उजवीकडं सरकला,
खाच शोधत.
गुळगुळीत. कुठंच थांबेना.
मी तसाच तो दातांत धरून बसले जरा वेळ,
मग कात्री बघायला उठले.