वकीलपत्र

कोटाची कोपरं मीच रफू करून आणायचो
महाद्वार रोडवरून, दर दिवाळीनंतर.
इंगवले वकिलांना नवा कोट परवडत नव्हता असं नाही.
अशिलाला वाटू नये, म्हणायचे,
आपल्याच फीचं कापड आहे.

सत्याऐंशी साली गंगावेशीतल्या अकरा टपऱ्यांना
त्यांनी स्टे मिळवून दिला.
फी : शिवगोंडाचा चहा, जन्मभर.
त्याच टपऱ्यांनी पुढं त्यांना नगरसेवक केलं.
माझ्या रोजनिशीच्या त्या पानावरून
गुलाल अजून झडतो.

मग सभागृहात रस्ता रुंदीकरणाचा ठराव आला.
नकाशा त्यांनी तीनदा उलगडला, तीनदा घडी घातली.
अडकलेली ॲम्ब्युलन्स त्यांनीही पाहिली होती.
हात वर केला.
कोर्टातून तसेच आले होते;
गॅलरीतून मला रफू दिसलं.

दुसऱ्या दिवशी पाडापाडी. ते गेले,
धुरळ्यात उभे राहिले.
शिवगोंडानं उलट्या खोक्यावर स्टोव्ह पेटवला,
"बसा की सायेब," म्हणाला,
कप दिला, आणि पहिल्यांदाच हात पुढं केला :
"दोन रुपये."

त्यांनी दिले. सुटे.

पुढची निवडणूक हरले. किती मतांनी
ते सांगत नाही, लोकांना खोटं वाटेल.
पुन्हा त्याच टेबलाशी येऊन बसले,
आणि एका तारखेच्या आदल्या रात्री गेले.

आता फायली परत करत हिंडतोय मी.
शिवगोंडाच्या नातवानं पाकीट उघडलं :
स्टेची नक्कल, तिला टाचलेली
पुनर्वसनाच्या अर्जाची चौदावी पोच.
बराच वेळ वाचत होता.
मग म्हणाला, "चहा घेणार?"

मी आधी दर विचारला.