सुरगाठ

काचेवर सोनेरी अक्षरांत नाव वारझदातचं.
उजेड तो बघतो, हनुवटी जरा वर म्हणतो,
छापतो, कोपऱ्यात सही करतो.
मी बांधते.
बावीस हिवाळे झाले. ग्युम्रीत कुणी विचारलंच
तर सांगते, चेहरे बांधायचं काम आहे.

आधी हातमोजे. सुती, पांढरे,
रोज रात्री मीच धुतलेले.
बोटाचा ठसा एकदा गालावर उमटला
की आयुष्यभर तिथंच राहतो,
आणि गाल ज्याचा त्याला कळतही नाही
कुणी हात लावला ते.
मग खाली पुठ्ठा, चहूबाजूंनी बोटभर मोठा,
कारण पडताना कोपरा आधी पडतो, माणूस नंतर.
मग पातळ कागद. त्याची घडी
चेहऱ्यावर मधोमध येता कामा नये.
प्लास्टिक नाही. प्लास्टिकमध्ये माणूस घामेजतो.

रिबीन करडी. लग्नाचं असेल तर डाळिंबी.
आणि गाठ सुरगाठच.
निरगाठ मारली की लोक कात्री आणतात,
कात्रीला आतला माणूस ठाऊक नसतो.

शेवटी एक वाक्य, सगळ्यांना सारखंच :
घरी नेल्यावर तासभर उघडू नका.
बाहेर उणे अठरा, घरात शेगडी पेटलेली;
गारठलेल्या कागदाला एकदम ऊब दिली
तर त्याच्या अंगावर दव धरतं.
लोक हो म्हणतात.
निम्मे जिन्यातच उघडतात.
मला वर ऐकू येते सर्रकन सुटलेली रिबीन,
मग काहीच नाही,
मग कुणीतरी म्हणतं, अगं, नाक बाबांचं आलंय.

सातेनिक जानेवारीत आली.
जमिनीतल्या भट्टीत कमरेपर्यंत वाकून
लवाश थापते ती, पहाटे चारपासून.
डाव्या जबड्याखाली भाजल्याचा डाग, जर्दाळूएवढा.
मुलगा क्रास्नोदारला. त्याच्या घरात
हिचा एकही फोटो नाही, म्हणून आलेली.
भुवयांत थोडं पीठ राहून गेलं होतं,
तेही मी पुसलं नाही.

वारझदातने डाग काढून टाकला.
दयाळू माणूस आहे,
न विचारता सगळ्यांना बरं करतो.

पण आधीची एक प्रत रद्दीच्या खणात होती.
डागासकट. त्याच डोळ्यांची, तरी जरा वेगळ्या डोळ्यांची.
ती मी खाली ठेवली, वेगळ्या कागदात,
वर सही केलेली.
सुरगाठ मारली. काही बोलले नाही.
तासभर उघडू नका, एवढंच.

तिने खरंच उघडलं नसावं तासभर.
जिन्यातून फक्त पावलं उतरली.

तिसऱ्या दिवशी ती परत आली,
पाकीट टेबलावर ठेवलं.
गेघामला पाठव, म्हणाली, तुझं अक्षर बरं आहे.
खोका माझाच, रिबीन माझीच.
गाठ मात्र तिची :
पिठाच्या पोत्याला मारतात तशी, दोनदा आवळलेली.
मी तिच्याकडे पाहिलं. ती बाहेरच्या बर्फाकडे पाहत होती,
किंवा काचेवरच्या उलट्या अक्षरांकडे.

ती गेल्यावर तळहातावर तोलून पाहिलं.
बावीस वर्षांत एवढं तर कळतं :
आत एकच आहे.
कुठला, ते वजनाला कळत नाही.

कात्री खणात होती.
खण मी उघडलाही.
मग त्यातून पेनच घेतलं,
रस्त्याचं नाव, घराचा नंबर, गेघामचं पूर्ण नाव
सावकाश लिहिलं.
क्रास्नोदारला इतकी थंडी नसते म्हणतात.
तरी खाली लिहिलं, सवयीनं,
तासभर उघडू नका.