पाण्याचं तोंड

रायबागेहून साडेपाचला निघाले, अंधारातच.
पतसंस्थेला रविवारची सुट्टी,
पाठीच्या खिशात दोन केळी
आणि घडी घातलेली शेंगापोळी.
सायकल जुनी. बेळगावच्या एका पोरानं
लग्न ठरल्यावर विकून टाकलेली,
निळी, माझ्या मापाला अर्धा इंच मोठी.

मुगळखोडच्या पुलापाशी कालव्यावर चढले,
पाण्याच्या उलट्या दिशेला.
इथं चढ नाही म्हणतात लोक.
खोटं.
मैलाला वीतभर का होईना, आहे;
कुणा इंजिनियरनं दुर्बिणीतून बेतलेला,
डोळ्यांना कळत नाही, मांड्यांना कळतो.
जाताना कुणीतरी छातीवर तळहात टेकवल्यासारखा,
येताना तोच हात पाठीवर.

कालवा कोरडा. महिनाभर बंद.
तळाला तडकलेला गाळ, एक चप्पल,
लग्नपत्रिकेवरचा गणपती,
उरल्या डबक्यात कोंडलेले मासे
आणि त्यांच्या राखणीला तीन बगळे.
कुठंतरी कायलीत हळद शिजत होती.

अठ्ठावीस. एकोणतीस. काट्यावर नजर ठेवून दामटत होते.
‘ह्या वयात हिला काय सुचलं’
ह्या वाक्याच्या पुढं राहायचं
तर एवढा वेग लागतोच.

समोरून काठावरनं एक माणूस येत होता,
खांद्याला टॉवेल, हातात गेटाची किल्ली, कोपराएवढी.
चालता चालता खाली बघत होता,
लेकरू पहिली पावलं टाकताना बघावं तसा.
सायकलला घंटी नाही; तोंडानंच वाजवली.
त्यानं हात आडवा केला.
“अक्का, निधानक. नीर बंदाव.”

आणि खरंच, येत होतं.
लोंढा नाही, गर्जना नाही;
चार बोटं उंच, तपकिरी,
पुढं फेसाची मळकी झालर, पाचट, एक चेंडू,
प्रत्येक भेगेत वाकून बघत,
भरली की मगच पुढच्या भेगेशी.
बगळे एकेक पाऊल मागं सरले. मासे सुटले.

लगमाण्णा. नीरगंटी. बावीस वर्षं
प्रत्येक पाळीला हे तोंड तो असंच चालवत नेतो.
तो कालुवे म्हणाला, मी कालवा म्हणाले,
मधला उरलेला स्वर
कुणी कुणाला परत मागितला नाही.
साहेब लोक गाडीवरनं पुढं जातात, म्हणाला,
आणि पुलावर बसून वैतागतात.

मी सायकल वळवली.
पाण्याच्या वेगानं चालवून बघितली,
पण तिशीसाठी घडलेली ती, तीनवर डुलायला लागली,
दारू प्यायल्यासारखी उसाकडं कलली.
उतरले. हातात धरून चालले,
बुटांच्या तळाचे लोखंडी खूर टकटक करत,
शेंगापोळी दोघांत अर्धी अर्धी.
पाणी थांबलं की थांबायचो. एका खड्ड्यापाशी
ते इतका वेळ थांबलं
की लगमाण्णानं बिडी पेटवून संपवली.

पुलावर हळदीनं पिवळ्या हातांची एक बाई
खाली न बघताच ओरडली, बंदाव!
आणि रानात कुठंतरी कुणीतरी
फावडं खांद्यावर घेतल्याचं ऐकू आलं.

एका आंब्यापाशी लगमाण्णाची हद्द संपते.
आमच्याकडं हद्द म्हटलं की माणसं आवाज चढवतात.
इथं दुसरा एक नीरगंटी उकिडवा बसला होता.
दोघं नमस्कारसुद्धा म्हणाले नाहीत.
ह्यानं खाली बोट दाखवलं,
त्यानं घड्याळात बघितलं, उठला,
आणि चालू लागला.

घरी काट्यानं सरासरी सांगितली: नऊ.
एवढा वाईट आकडा कधी पडला नव्हता.
शेजारच्या सुबळक्का अंगणात धुणं वाळत घालत होत्या.
“आज उशीर? पंक्चर झालंतं काय वो?”
हो म्हणाले.