मिनिटाला सोळा थेंब

तारीख उलटून नऊ दिवस झाले
तरी आतला जीव जागचा हलेना,
म्हणून सकाळी सहाला
माझ्या मनगटात सुई बसवली
आणि बाटलीतून कळा सोडल्या.

मिनिटाला आठ थेंब.
सिस्टर फुलारी नळीवरचं चाक
अंगठ्यानं जरासं सरकवतात,
चार दिवसांआड येणाऱ्या नळाला
कान लावून बघावं तशा वाकून.

"पडून नको राहूस, सात नंबर.
चाल की. चाललीस की खाली उतरतं."

मग मी आणि स्टँड.
त्याचं एक चाक अडून बसतं
एक्स-रेच्या दाराशी, फरशी फुटलीय तिथं.
तिथं त्याला उचलून घ्यावं लागतं.
एक पोटात, एक हातात,
केसपेपरवर मात्र एकटीच:
रजिता अंबादास म्याकल, वय सव्वीस, पहिली खेप.

वॉर्डापासून खिडकीपर्यंत एकेचाळीस फरशा.
खिडकीखाली मे महिना,
पत्र्यांवर डोळे मिटायला लावणारं ऊन,
रसवंतीचे घुंगरू,
आणि लिंबाखाली अंबादास,
कडक भाकरी, शेंगाची चटणी घेऊन बसलेला.
मला काही खायचं नाहीये
हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.
मीही वरून हात केला नाही.
बसू दे. त्यालाही काहीतरी धरून बसायला हवं.

समोरून येते अकरा नंबर,
मंद्रूपची महादेवी, तिचा स्टँड घेऊन.
आम्ही एकमेकींना साइड देतो,
अरुंद गल्लीत समोरासमोर आलेल्या दोन रिक्षांसारख्या.
ती फरशा कानडीत मोजते, मी तेलुगूत.
कळ आली की ती यव्वा म्हणते, मी अम्मा,
आणि सिस्टर दोघींना मराठीत रागावतात.

बारा थेंब.
दर तासाला वीस मिनिटं
पोटाला पट्टा बांधून आडवं करतात.
कागदावर काटा डोंगर काढत जातो,
आणि खोलीभर त्याचे ठोके,
खडखड खडखड खडखड खडखड.
हा आवाज माझ्या ओळखीचा.
आमच्या गल्लीत तो रात्रभर चालायचा,
थांबला की जाग यायची.

अम्मा कांड्या भरायची.
मशीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
तुटलेला धागा शोधत, गाठ मारत, पुढं,
परत शोधत, परत गाठ.
माझ्या वेळी पाळी पुरी करून घरी आली,
चूल पेटवायला बसली, ती बसलीच.
"तुला बाहेर काढायला मी काही केलं नाही," म्हणते,
"नुसती कामाला गेले होते."

सोळा.
आता कळ फरशीतूनच वर येते,
पोटऱ्यांतून कमरेत,
आणि तिथं मुठीत धरून पिळते.
मी भिंतीला कपाळ लावते. ऑइलपेंट गार आहे.
डोळे उघडले तर समोर, नेमका त्याच उंचीवर,
तळहाताएवढा तेलकट डाग.
कपाळांचा.
थोडा खालीही एक आहे, बुटक्या बायकांचा असेल.

दोन वाजता महादेवीला आत नेलं.
तिची एक चप्पल खिडकीशी राहिली.
मी दर फेरीला तिला वळसा घालते,
पायानं बाजूला सारवत नाही.

"तीन बोटं," डॉक्टरीण हातमोजा काढत म्हणते,
"अजून चाल."

पावणेचारला बाटली संपली.
सिस्टर दुसरी आणायला गेल्यात,
चावी कुणाकडं आहे यावरून आवाज येतोय.
नळी कोरडी लोंबतेय,
चाक पुन्हा फुटक्या फरशीत.
आणि तेव्हा आली एक.
थेंब नसताना. कुणी न मोजता.

मी कुणाला सांगितलं नाही.
स्टँड उचलला.
पन्नेंडु.
पदमूडु.